केटी लागली, म्हणजे शिष्यवृत्ती गेली का?

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. ‘मॅडम, केटी लागलीय. स्कॉलरशिप बंद होणार का?’ केटी म्हणजे परीक्षेत एखादा विषय राहणं. विचारणारी मुलं तरी बरी. काही जण विचारतच नाहीत. उत्तर आपल्याला माहीतच आहे असं धरून चालतात आणि त्यापायी पुढचं सगळं सोडून देतात. सोलापुरातल्या अशाच एका मुलीबद्दल लिहितेय. तिची आणि तिच्या आईची संमती आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर पूर्व भागातलं. वडील चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शाळा मराठी माध्यमाची. बारावीला चांगले गुण, मग इंजिनिअरिंग, आणि पहिल्याच वर्षी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती. पदवी किंवा पदविकेचं तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं, एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना ती मिळते आणि वर्षाला ५०,००० रुपये येतात. तिच्या घरात एवढी रक्कम एकदम कधी आली नव्हती. फीची बाकी, पुस्तकं आणि एक जुना लॅपटॉप, असे ते पैसे गेले होते.

आई तिला घेऊन आली ती वेगळ्याच कारणानं. ‘मॅडम, पोरगी बोलंना झालीय, जेवंना झालीय. कुणी काय केलंय का बघा.’ आईच्या मनात भलतीच शंका होती आणि ती साहजिक होती. मी म्हटलं, ‘अक्का, तुम्ही जरा बाहेर बसा, मी तिच्याशी बोलते.’

दार लागल्यावरही बराच वेळ ती गप्पच होती. मग पिशवीतून वही काढून मागचं पान माझ्यापुढं केलं. तीन वर्षांचे ५०,००० म्हणजे दीड लाख, आणि खाली गुणाकार, भागाकार. तेवढे पैसे आणायला आईला किती हजार विड्या वळाव्या लागतील, याचा हिशेब तिनं मांडला होता. गणित आणि ग्राफिक्स (म्हणजे इंजिनिअरिंगच्या आकृत्या काढण्याचा विषय), असे दोन विषय राहिले होते. वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलं होतं, ‘केटी लागली की स्कॉलरशिप कट.’ तेवढ्यावर तिनं महिनाभर कॉलेज सोडलं होतं. सकाळी डबा घेऊन निघायची, सिद्धेश्वर तलावाकाठी बसायची आणि वेळ झाली की घरी परतायची. टॉवेलच्या एका शोरूममध्ये कामाचंही विचारून आली होती.

अशा वेळी ‘काळजी करू नकोस, होईल सगळं नीट’ असं म्हणायचा मोह होतो. मी तो टाळते. दीड लाखाच्या भीतीला धीर पुरत नाही, तिला माहिती लागते. मी विचारलं, ‘हे कुठं लिहिलंय ते तू वाचलंस का?’ नाही म्हणाली. मग आम्ही दोघींनी योजनेच्या सूचना उघडल्या आणि तिलाच मोठ्यानं वाचायला लावल्या. नूतनीकरण दरवर्षी होतं. त्यासाठी गुणपत्रक आणि पुढच्या वर्गात गेल्याचं संस्थाप्रमुखांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. पुढच्या वर्षात जाता आलं नाही तर शिष्यवृत्ती बंद होते.

‘तुला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय ना?’

‘हो. एटीकेटीवर.’

‘मग?’

तिनं तीच ओळ पुन्हा वाचली. नंतर रडली, बरीच रडली. मी मध्ये बोलले नाही.

बहुतेक मुलं इथंच गोंधळतात. विषय राहणं आणि वर्ष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, तुम्ही पुढच्या वर्षात असता. वायडी, म्हणजे ‘इयर डाउन’, लागली की मागच्याच वर्षात राहता. ज्या योजनांची अट ‘पुढच्या वर्गात प्रवेश’ अशी आहे, तिथं घात होतो तो वायडीनं.

पण प्रत्येक योजनेची अट अशीच नसते, म्हणून मैत्रिणीचं ऐकून निश्चिंतही होऊ नये. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती घ्या. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या मुलांना ती मिळू शकते, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये. ती चालू ठेवायला दर वर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. बीएस्सीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. सगळे विषय पास, गुण मात्र ४८ टक्के. ‘पास झालो ना मॅडम, मग का अडलं?’ त्याला ही अट कुणी सांगितलीच नव्हती. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आणखी वेगळी अट आहे: अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. तीन योजना, तीन मोजमापं. आपली योजना कोणती आणि ती काय मोजते, हे अर्ज भरतानाच वहीत लिहून ठेवावं. सायबर कॅफेवाल्यानं फॉर्म भरला आणि आपण फक्त ओटीपी सांगितला, असं असेल तर हे कधीच कळत नाही.

पुन्हा त्या मुलीकडे येते. तिला खरा धोका त्या दोन पेपरांचा नव्हता. धोका होता बुडालेल्या महिन्याचा आणि न भरलेल्या अर्जाचा. नूतनीकरण आपोआप होत नाही. ते विद्यार्थ्यानं स्वतः मुदतीत भरायचं असतं. मुदत संपायला थोडे दिवस उरले होते. आणखी महिनाभर ती तलावाकाठीच बसली असती, तर शिष्यवृत्ती खरोखरच गेली असती, आणि मग सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, केटीमुळं गेली. माझ्याकडे आलेल्या मुलांत मी हे वारंवार पाहिलंय. नापास झालेल्या विषयापेक्षा त्यानंतरची लपवालपवी जास्त नुकसान करते.

आईला सांगू नका, म्हणून तिनं हात जोडले. मी म्हटलं, मी सांगणार नाही, पण तू सांगावंस, आणि इथंच सांगावंस. मी बसते सोबत. पुष्कळ वेळानं तयार झाली. आईला आत बोलावलं. ती तेलुगूत बोलली, मला अर्धंमुर्धंच समजलं. आईचा चेहरा आधी उतरला, मग ती चिडली, केटीवर नाही, महिनाभर डबा भरून दिला त्यावर. नंतर मराठीत मला विचारलं, ‘ते दोन पेपर परत कधी असतात?’ त्या क्षणी मला त्या बाईबद्दल जे वाटलं, ते शब्दांत आणता येत नाही.

पुढचं काम कागदांचं. कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जाऊन प्रमाणपत्राचा अर्ज दिला, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण भरलं. इथं एक सूचना कळकळीनं करते: ‘सबमिट’ झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या पातळीवर तपासला जातो, त्रुटी असेल तर परत येतो, आणि तो परत आलाय हे स्थिती उघडून पाहिल्याशिवाय बऱ्याचदा कळत नाही. तिचा अर्ज एकदा परत आलाच, गुणपत्रकाचा फोटो पुसट होता म्हणून. दर आठवड्याला पाहत होती, त्यामुळे वेळेत दुरुस्त झाला. खात्याचंही पाहा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि मध्ये नवं खातं उघडून आधार तिकडं जोडलं असेल तर रक्कम तिकडं जाते.

वर्गशिक्षकांना ती स्वतः भेटली. काय सांगायचं याचा आम्ही आधी सराव केला होता: खोटं आजारपण नाही, ‘घाबरले होते, आता नियमित येणार आहे’ एवढंच. सर रागावले, पण पुढची हजेरी सांभाळ, म्हणाले.

गणितात ती का अडकली हे शोधायला जास्त वेळ लागला. तिला गणित येत होतं. तिच्यापुढं मी जुना पेपर ठेवला, तर इंग्रजी प्रश्न वाचतानाच ती थांबायची. तोच प्रश्न मराठीत सांगितला की पेन चालू. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांचं पहिलं वर्ष असं जातं आणि आपण त्यांना ‘कच्ची’ म्हणून मोकळे होतो, याचा मला मनापासून राग आहे. मागच्या काही वर्षांचे पेपर घेऊन तिनं प्रश्नांत येणारे शब्द वहीत काढले, रोज थोडे. ग्राफिक्सला असली युक्ती चालत नाही. तिथं शीटवर हात बसावाच लागतो. एका मैत्रिणीबरोबर रविवारी ती शीट काढत बसायची.

हिवाळी परीक्षेत ग्राफिक्स सुटलं, गणित राहिलं. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, पण पुनर्मूल्यांकनाला जावं असं त्यात काही नव्हतं. मधल्या काळात शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली, उशिरा का होईना. गणित उन्हाळ्यात सुटलं. त्याची घाई का करायची, हेही सांगते. बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या वर्षाला बसायचं तर पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात. आज जी केटी शिष्यवृत्ती थांबवत नाही, तीच रेंगाळली तर पुढच्या वर्षी वायडी करते. हा नियम आपल्या विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या परिपत्रकात पाहून घ्या.

आणि ज्यांची वायडी लागलीच आहे त्यांनी? आधी आपल्या योजनेत ते वर्ष कसं धरतात ते कॉलेजात लेखी विचारा. आजारपणामुळं परीक्षा बुडाली असेल तर दवाखान्याचे कागद जपून ठेवा, ते आत्ताच कॉलेजला द्या. तेवढ्या वर्षापुरती फी हप्त्यानं भरता येईल का, कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, हे विचारायला लाजू नका. मला किंवा कुठल्याही समुपदेशकाला भेटायला येताना गुणपत्रक, मागच्या वर्षीच्या अर्जाचा क्रमांक आणि बँकेचं पासबुक बरोबर आणा. आईवडिलांना आणलंत तर आणखी चांगलं. नाही आणलंत तरी या.