एकट्या माणसाने नीट वागून काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय, रोजच्या बातम्या वाचून मन विटलंय, अशात एकट्यादुकट्याने सार्वजनिक जबाबदारी पाळून काय होणार, आणि कुणाला त्यातून खरंच आशा वाटते का? मला वाटते. का, ते आमच्या शिवारातल्या पांदणीवरून सांगतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. घरची कोरडवाहू शेती; कापूस, तूर, सोयाबीन. शहरातल्यांसाठी सांगतो, पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी बैलगाडीची वाट. ती गाव नकाशावर असते, पण कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. म्हणूनच ती आटत जाते. नांगरताना शेजारचा एखादा तास आत सरकवतो. तास म्हणजे वीतभर जमीन, तेवढ्यासाठी भांडायला कोण येतं? समोरचाही मग आपल्या बाजूने सरकतो. पंधरा-वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट होते. त्यात आमची काळी माती. चार सरी आल्या की चिखलात चप्पल राहते आणि पाय वर येतो.

भुर्दंड कुणाला, तर वेचणीच्या बायांना. दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो, गाडी वावरापर्यंत येत नाही, मग गाठोडं डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालायचं. वेचणीची मजुरी किलोवर असते. या चालण्याचे पैसे कुणी देत नाही.

कायदा नाही असं नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतो. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 मध्ये बांधावरून वाट मागायचीही सोय आहे. पण अर्ज, नोटीस, स्थळपाहणी, मग अपील. आणि निकाल आपल्या बाजूने लागला तरी धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध असलेल्या माणसाशी जन्माचं वैर.

अशात आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या काकांनी उन्हाळवाहीच्या, म्हणजे उन्हाळी मशागतीच्या वेळी आपली बोराटीची काटी, म्हणजे काटेरी कुंपण, उपटली. हद्दीच्या जुन्या दगडाला दोरी बांधली, दुसरं टोक पार पलीकडच्या दगडाला, आणि दोरीच्या आतच वखर फिरवला. मी विचारलं, ‘काका, मोजणी आली होती का?’ तर म्हणाले, ‘मोजनी कायले? दगड तं दिसून रायला ना बाप्पा.’ ना फलक, ना फोटो. (वर्षातून एकदा खराटा धरून फोटो काढणारं श्रमदान मी बरंच पाहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आमच्या अमरावतीकडचे गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि कीर्तन संध्याकाळी.)

लोक हसले. म्हातारपणी दानधर्म सुचला म्हणाले. पण झालं काय की काकांचं वावर मागे गेल्यावर पुढच्याचं वावर पांदणीत पोटासारखं पुढे आलेलं दिसायला लागलं. तोवर सगळेच पुढे होते, त्यामुळे कुणाचंच दिसत नव्हतं. पेरणीच्या आत त्यानेही काटी मागे घेतली, थोडी कुरकुर करत, दगडापर्यंत नाही पण गाडीचं चाक बसेल इतकी. मग समोरच्याने.

माझी आशा एवढीच आहे. माणसं सुधारतात असं मी म्हणत नाही. शेजाऱ्याने सरकवलं म्हणून आम्ही सरकवत होतो. शेजाऱ्याने मागे घेतलं तेव्हा त्याच्याकडेच बघून मागे घेतलं. बिघडायला जे कारण होतं, तेच सावरायला कामी आलं.

यात सरकारला सूट देण्याचा प्रश्न नाही. मुरूम-खडीचा खर्च काकांनी करायचा नाही. त्यासाठी 2021 मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली आणि तिचा ठराव आम्ही ग्रामसभेत घेतला. वाटच मोकळी नसती तर ठराव कशाचा घेतला असता?

सगळं जुळलंय असंही नाही. मधला एक जण हटायला तयार नाही. त्याच्या प्रकरणाला तहसीलला तारखा पडताहेत आणि तिथून पुढच्या वावरांतला कापूस अजून डोक्यावरूनच येतो. त्याच्या बाजूच्या शेतकऱ्याने सोयाबीन निघालं की आपल्या वावरातून गाडी नेऊ द्यायचं कबूल केलंय. लेखी काही नाही, तोंडीच.