न्यू ऑर्लिन्सचा काळ्या कोटातला नोटरी

प्रश्न : न्यू ऑर्लिन्समधल्या एका जुन्या घरातलं सामान विक्रीला निघालं, त्यातून आम्ही एक तैलचित्र घेतलं. काळा कोट, गळ्याला घट्ट गुंडाळलेला काळा रुमाल, हातात घडी घातलेला कागद. विकणारे सांगतात, हा १८४०च्या आसपासचा क्रिओल नोटरी. सही दिसत नाही. चित्र पिवळट झालं आहे आणि कोटावर रुंद भेगा आहेत. हा माणूस कोण, चित्रकार कोण हे कसं शोधावं? आणि चित्र घरी पुसता येईल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : पुसायचं नंतर बघू. आधी चित्राची मागची बाजू बघा, पण त्यासाठी ते पालथं घालू नका. भेगा पडलेल्या रंगाचे पापुद्रे दाबाने निघतात. जमिनीवर घडी घातलेली चादर पसरा, त्यावर चित्र भिंतीकडे तोंड करून उभं ठेवा आणि मागच्या प्रत्येक खुणेचा फोटो काढा. चिठ्ठी, शिक्का, शाईतला आकडा, काहीही खरवडू नका.

मग फ्रेम नव्हे, कॅनव्हास मोजा. ७३ × ६० सेंटिमीटर भरला तर तो फ्रेंच मापाचा २० नंबर, ८१ × ६५ भरला तर २५ नंबर. ३० × २५ इंच हे इंग्रजी मापाचं व्यक्तिचित्र. मागे दुसरं कापड चिकटवलेलं असेल तर माप सेंटिमीटरभर इकडेतिकडे होतं. कडेचे खिळे चौकोनी अंगाचे असतील तर ते जुने. गोल तारेचे असतील तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर कॅनव्हास पुन्हा ताणलेला आहे. एवढ्यावरून चित्र नकली ठरत नाही.

फ्रेंच माप निघालं तर दोन नावं आधी तपासावीत. झाँ-जोसेफ व्होदशाँ हा फ्रेंच चित्रकार १८३०च्या दशकात हिवाळ्यात न्यू ऑर्लिन्सला येऊन चित्रं करी. झाक आमाँ त्याच दशकात आला आणि पुढे बरीच वर्षं तिथे राहिला. पण नुसत्या शैलीवरून नाव लावायची घाई नको. ज्यूलियन हडसन हा स्वतंत्र, म्हणजे गुलामीत नसलेल्या, कृष्णवर्णीय समाजातला चित्रकारही त्याच शहरात काम करत होता. त्या काळी लुइझियानात, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे तिथे, जन्मलेला तो क्रिओल, मग तो फ्रेंच-स्पॅनिश वंशाचा गोरा असो वा या समाजातला. त्यामुळे चित्रातल्या माणसाचा वंशही गृहीत धरू नका.

सही शोधायला ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी घ्या, अंधारी खोली करा आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा. जुनं नैसर्गिक राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं. त्यावरचे काळे ठिपके म्हणजे बहुतेक नंतरची रंगदुरुस्ती. सही वॉर्निशच्या वर तरंगत असेल किंवा तिचा रंग भेगांत उतरलेला असेल, तर ती मागाहून घातलेली आहे.

माणसाचं नाव मात्र चित्राबाहेर सापडेल, आणि विकणारे म्हणतात तसा हा खरोखर नोटरी असेल तर तुमचं नशीब चांगलं. लुइझियानातला नोटरी आपल्याकडच्यासारखा शिक्का मारून मोकळा होणारा नव्हता. घरांची विक्री, मृत्युपत्रं, लग्नाचे करार, गुलामांची खरेदी-विक्रीसुद्धा त्याच्यासमोर होई आणि मूळ दस्त त्याच्याकडेच राही. ते दस्त न्यू ऑर्लिन्सच्या नोटरी दप्तरखान्यात आजही आहेत. मागच्या चिठ्ठीवर आडनाव असेल तर त्या आडनावाचे नोटरी तिथे शोधा. वारसाहक्काच्या वेळी केलेल्या घरसामानाच्या यादीत व्यक्तिचित्राची नोंद मिळाली तर तो फार भक्कम दुवा. १८२७ साली सुरू झालेलं ‘लाबेय’ हे वर्तमानपत्रही चाळा. जोडीला कपडे बघा. उंच कॉलर आणि काळा गळपट्टा १८३०-४०च्या दशकांशी जुळतो. पण त्यावरून काळ कळेल, नाव कळणार नाही.

आता पुसण्याचं. घरी पुसू नका. पाणी, साबण, कापलेला बटाटा, पाव, सगळं वर्ज्य. पाणी भेगांतून आत जातं, कॅनव्हासवरचा सरसाचा थर फुगतो, कापड आक्रसतं आणि रंग उचलला जातो. कोटावरच्या रुंद भेगा बहुधा डांबरी तपकिरी रंगाच्या असाव्यात. हा रंग नीट वाळत नाही आणि वॉर्निश काढणाऱ्या द्रावकात सहज विरघळतो. म्हणूनच अशा चित्रांत चेहरा उजळ निघतो आणि कोटाच्या कॉलरच्या घड्या कायमच्या पुसल्या जातात. एकदा गेलेला तो पातळ थर कुणालाही परत आणता येत नाही. चित्र स्वच्छ करायचंच असेल तर जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे संवर्धकाकडे, द्या. त्याला आधी कडेला, नखाएवढ्या जागेवर चाचणी करायला सांगा आणि काळ्या भागाची वेगळी चाचणी मागा. पापुद्रे सुटत नसतील तरच तुम्ही मऊ, कोरड्या ब्रशने वरवरची धूळ झटका.

चित्र बाहेरच्या भिंतीवर, शेकोटीवर किंवा एसीच्या झोतात लावू नका. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. सुट्टीवर जाताना एसी पूर्ण बंद करू नका, ६५च्या वर बुरशीची भीती. उजेड २०० लक्सपेक्षा कमी. दोन कड्या फ्रेमला लावा, कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या आतल्या लाकडी ताणपट्टीला नाही, आणि मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून सेंटिमीटरभर अंतर ठेवा. वादळात पाणी शिरून चित्र भिजलंच तर ते आडवं, तोंड वर करून ठेवा. उन्हात वाळवू नका, फ्रीजरमध्ये ठेवू नका, ताणपट्टीवरून काढू नका, लगेच संवर्धकाला गाठा.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलीकडे असंच एक चित्र आहे, ते पुण्याला आणायचं आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : गुंडाळून नळकांड्यातून आणू नका, एवढा जुना रंग तडकतो. रंगाला फुग्यांचं प्लास्टिक थेट लावू नये, त्याचे गोल ठसे वॉर्निशवर उमटतात. आधी ग्लासीन नावाचा गुळगुळीत कागद, मग फोम, मग लाकडी पेटी. पेटी पोचल्यावर एक दिवस न उघडता खोलीत ठेवा. पुण्यात पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात आणलेलं बरं. खरेदीची पावती आणि कस्टमचे कागद जपा. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षांपेक्षा जुनं चित्र ‘पुरावस्तू’ ठरतं आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. चित्र पुढे कधी अमेरिकेला परत न्यायचा विचार असेल, तर ते इथे आणण्याआधीच पुरातत्त्व खात्याकडे लेखी चौकशी करा.