तपासायला जाऊन काय काय काढतील?

संमतीपत्रातल्या एका ओळीखाली तिने पेनाने तीनदा रेघ ओढली होती : ‘गरज पडल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे.’

“मॅडम, दोन रात्री झोपली नाहीये ही,” नवरा म्हणाला. “डॉक्टर तर म्हणतात, साधी दुर्बिणीची तपासणी आहे.”

“साधी आहे तर हे कशाला लिहिलंय?” ती म्हणाली. “तपासायला जायचं आणि काय काय काढून घरी यायचं?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. प्रश्न मात्र मी अनेकींकडून ऐकलाय.)

वय एकतीस, लग्नाला चार वर्षं, मूल नाही. पाळीत असह्य दुखायचं. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, दिसली होती आणि एचएसजीत, म्हणजे गर्भाशयाच्या नळ्यांच्या एक्स-रेत, ‘दोन्ही नळ्या बंद’. ते दोन शब्द वाचून तिने पुढचं सगळं मनात संपवूनच टाकलं होतं.

ती ओळ खोटी नाही, हे मी तिला आधी सांगितलं. रक्तस्राव थांबेना किंवा आतडी इतकी चिकटलेली असली की दुर्बिणीने काम करणं धोक्याचं, तर पोट उघडावं लागतं. असं क्वचितच होतं. पण त्या वेळी तुम्ही भुलेखाली असता, म्हणून विचारणं आधी. मात्र पोट उघडणं वेगळं आणि एखादा अवयव काढणं वेगळं. काय काढायचं नाही, हे तुम्ही आधीच लिहून देऊ शकता.

मग फाइलच्या पाठीमागे चित्र काढलं. बेंबीपाशी सुमारे एक सेंटिमीटरचा छेद, खाली अर्ध्या सेंटिमीटरचे दोन-तीन. आत काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. खालून गर्भाशयात निळा रंग सोडतात. तो नळीच्या टोकातून पोटात उतरला की नळी मोकळी. एचएसजीच्या वेळी कळ येऊन नळीचं तोंड आवळलं तर मोकळी नळीही बंद दिसू शकते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच भुलेत गर्भाशयाच्या तोंडातून बारीक दुर्बीण घालून आतला पडदा, पॉलिप (मऊ मांसल वाढ) बघतात. त्याला छेद लागत नाही.

मी नवऱ्याकडे वळले. “तुमची वीर्यतपासणी?”

“ती... राहिलीच.”

बायकोला भूल द्यायची तयारी झाली आणि याची साधी तपासणी राहिलीच! हे मी इतक्यांदा बघितलंय की आता चिडायचंही विसरले. आधी ती करून घ्या म्हटलं. रिपोर्ट नॉर्मल आला.

सर्जनला विचारायचे प्रश्न आम्ही बसून लिहिले. सिस्ट सोलून काढताना अंडाशयाचा चांगला भागही थोडा जातो, अंड्यांचा साठा कमी होऊ शकतो. मग एएमएच, म्हणजे तो साठा सांगणारी रक्ततपासणी, आधी करायची का? सिस्ट काढायलाच हवी का? नळीत पाणी भरलेलं निघालं तर? अशी नळी आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) यश कमी करते, म्हणून डॉक्टर ती काढायला सुचवतात. सल्ला योग्यच आहे, पण शुद्धीवर आल्यावर कळायची गोष्ट नाही ही.

सर्जननी न कुरकुरता सगळी उत्तरं दिली आणि संमतीपत्रावर हाताने लिहिलं : ‘नळी किंवा अंडाशय काढायचं झाल्यास जिवाला धोका नसताना आधी रुग्णाशी बोलून, दुसऱ्या वेळी.’ तिने त्याखाली सही केली.

निघताना सांगितलं होतं, गॅसमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखेल, घाबरू नका. पण ताप आला, पोटदुखी वाढत गेली किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टरांना गाठा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी फोन आला.

“मॅडम, पोटापेक्षा खांदाच दुखतोय.”

“ताप?”

“नाही. सिस्ट काढली. डाव्या नळीतून निळा रंग भळाभळा आला म्हणे, ह्यांना व्हिडिओ दाखवला. उजवी चिकटलीये,” ती जरा थांबली, “पण आहे.”