'फुटणे' हा शब्द कुठून आला? काच फुटते तशी पालवीही कशी फुटते?

'फुटणे' संस्कृत 'स्फुट्' धातूवरून, प्राकृत 'फुट्टइ' या रूपातून मराठीत आला. सुरुवातीचा 'स्' गळणं नेहमीचंच आहे, 'स्कंध'चा 'खांदा' झाला तसं. पालवीचा अर्थ मराठीने नंतर जोडलेला नाही. मूळ धातूतच तडकणे, उमलणे आणि उघड होणे असे तिन्ही अर्थ आहेत. म्हणून एकाच क्रियापदाने:

- काच, मडकं, धरण फुटतं
- कोंब, घाम, वाचा, तांबडं फुटतं (आतलं बाहेर येतं)
- पेपर आणि बातमी फुटते
- आमदार फुटतात, ज्यात आपली मराठी फारच सरावली आहे

'फोडणे' हे याचंच प्रयोजक रूप. ते 'स्फोटयति'वरून आलं. प्राकृतात दोन स्वरांमधल्या एकट्या 'ट'चा 'ड' होतो ('घोटक'चा 'घोडा'), तर जोड 'ट्ट'चा 'ट' टिकतो. म्हणून फुटणे, पण फोडणे. आंब्याची फोड आणि अंगावरचा फोड दोन्ही याच घरातले.

फक्त उंची मोजायचा 'फूट' यात धरू नका, तो इंग्रजीतून आलेला आहे. भावाभावांत पडते ती 'फूट' मात्र इथलीच.