टीबी झालाय, सासरी सांगावंच लागेल का?

टीबीचं निदान झालं की लग्न झालेल्या मुलींचा पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो: "मॅडम, घरी कळणार नाही ना?" या मुलीचाही तोच होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) लग्नाला वर्ष झालेलं, नवरा परगावी नोकरीला, बेडक्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. "आजारी मुलगी गळ्यात मारली म्हणतील, माहेरी धाडतील." तिची भीती उगाच नव्हती. असं झालेलं मी पाहिलंय.

टीबीच्या प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद करणं २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ती टळणार नाही, हे तिला आधीच सांगितलं. पण नोंद म्हणजे दवंडी नव्हे. त्यातून भावकीला काही कळवलं जात नाही.

मग बोलता बोलता ती म्हणाली, "जाऊबाईंचं बाळ माझ्याच कुशीत झोपतं." बाळ अडीच वर्षांचं!

पाच वर्षांखालच्या मुलांत टीबी लवकर बळावतो, मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून अशा मुलाला तपासून, आजार नसेल तर प्रतिबंधक औषध द्यायचं असतं. आणि ते त्याच्या आईला अंधारात ठेवून कसं देणार?

"कॅम्प आहे म्हणून सगळ्यांना तपासा ना," तिने सुचवलं. मी नाही म्हटलं. खोटं उघडं पडलं असतं, तर त्या घराने पुन्हा आशाताईंना दारात उभं केलं नसतं. तिच्या मागे जाऊबाईंना फोन करणंही मला पटेना. विश्वास तुटला की रुग्ण उपचारालाच येईनासे होतात.

शेवटी ती तयार झाली, तेव्हा तिच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला. त्याने वहिनीला आरोग्य केंद्रावर आणलं. आजार हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप उतरतो. तोवर बाळाला वेगळं झोपवा, खिडक्या उघड्या ठेवा, हे समजावलं. जाऊबाई चिडल्या, रडल्या, पण बाळाला घेऊन आल्या. त्याचं औषध सुरू झालं. सासूबाईंनी सुनेचं ताट वेगळं केलं ते केलंच.

आणि तिने ठाम नकार दिला असता तर? तिला आधी सांगून मी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलले असते, तेही बाळाच्या तपासणीपुरतंच. सासूबाईंशी नाही.