चुंबकाआधी थर्मामीटर घे

चुंबकाने यीस्टची वाढ बदलते का, हे तुला घरी तपासायचंय. प्रयोग चुंबकाचा असला तरी पहिली खरेदी थर्मामीटरची कर. चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या तारेच्या कॉइलमधून वीज गेली की ती तापते, आणि एकदोन अंशांनीही यीस्टची वाढ बदलते. मग काम उष्णतेचं आणि श्रेय चुंबकाला! त्यात ठाण्याची घरं, दुपारी एक तापमान, पहाटे दुसरं. म्हणून चुंबकीय क्षेत्रातला आणि क्षेत्राबाहेरचा, असे यीस्टच्या नळ्यांचे दोन्ही संच एकाच वेळी, एकाच खोलीत ठेव.

तुलनेसाठी नुसती बंद कॉइल चालणार नाही. तेवढीच तार मधोमध दुमडून दुहेरी गुंडाळ. प्रवाह तोच, उष्णता तीच, पण उलटसुलट प्रवाहांमुळे कॉइलचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ शून्य. एवढं केलंस तरी निम्मी लढाई जिंकलास.

कॉइलऐवजी निओडिमियम चुंबक (छोटा पण जोरदार कायमचा चुंबक) वापरलास तर तो तापत नाही, पण अंतर वाढलं की त्याचं क्षेत्र झपाट्याने घटतं. 'चुंबक लावला' एवढंच वहीत लिहू नकोस, नळीपाशी क्षेत्र किती मिलिटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) ते लिही. ते मोजायला कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गॉसमीटर माग.

ऐरोलीच्या खाडीतला चिखल घरी वाढवायचा बेत मात्र सोड. सांडपाण्यातले रोगजंतूही वाढतील, शिवाय तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, परवानगी लागते. 1975 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ब्लेकमोर यांनी वर्णन केलेले चुंबकीय जिवाणू चिखलातलेच, हे खरं. पण त्यांच्या पोटातले मॅग्नेटाइटचे (चुंबकीय लोहखनिजाचे) कण त्यांना दिशा देतात. वाढीचा प्रश्न वेगळा.

आणि नळ्यांतली वाढ मोजताना नळ्यांवर चिठ्ठ्या बहिणीकडून लावून घे. कुठली नळी कुठली, ते तुला शेवटपर्यंत कळता कामा नये.