नागपुरात खडी गंमतीच्या (विदर्भातलं लोकनाट्य) रेकॉर्डिंगवर एमएचा प्रकल्प करतोय. संशोधन पद्धत कोणती घेऊ?

सर्जनाधारित संशोधन पद्धत (प्रत्यक्ष कलाकृती घडवत, त्या कामातूनच उत्तर शोधणं) घ्या, कारण ढोलकीचा माइक कुठे ठेवला तर मैदानातला मोकळा आवाज टिकतो, हे रेकॉर्डिंग करतानाच कळतं, प्रश्नावली वाटून नाही. मी विद्यार्थ्यांचे असे प्रकल्प तपासते. ते अडतात नोंदींवर. माइकची जागा, अंतर, गेन (माइकचा सिग्नल किती वाढवला) आणि बदल का केला, हे त्याच दिवशी लिहा; मिक्सची (सगळे आवाज एकत्र जुळवलेल्या रेकॉर्डिंगची) प्रत्येक आवृत्ती तारीख घालून वेगळी सेव्ह करा. मग दोन मिक्स कलाकारांना आणि नेहमीच्या प्रेक्षकांना, कोणता कुठला हे न सांगता ऐकवा. त्याआधी दोन्हींचं एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) सारखं करा, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. मात्र जास्त लोकांना कोणता आवडतो एवढंच दाखवायचं असेल, तर पुरेशा श्रोत्यांची संख्यात्मक श्रवणचाचणीच लागेल.